काकूंनी कोपरा सोडला

शिवणवाल्या काकूंना असं घर हवं होतं, जिथे मशीनवर दिवसभर उजेड पडेल. दलालाने कोपऱ्याचा प्लॉट दाखवला, तसे धाकटे दीर हुरळलेच. काकू मात्र आधी नगरपालिकेत गेल्या. तिथे कळलं, वळणावर गाड्या दिसाव्यात म्हणून त्या प्लॉटचा अर्धा भाग मोकळा ठेवायचा, आणि झुडपं लावायची तीही गुडघ्याएवढीच.

“वहिनी, आता झुडपांनाच झबली शिवा!” दीर खिदळले.

“शिवते की भावजी, पण त्याच्या मागच्या प्लॉटवर बसून! तोही विकाऊ आहे, चौकशी करून आलेय.”

तिथे घरात शिवणकामाला परवानगी होती, आणि पुढचा कोपरा नियमानेच मोकळा राहणार असल्याने उजेड अडवायची कुणाची टाप नव्हती. काकूंनी तोच घेऊन घर बांधलं. आता मशीन उन्हात न्हातं, आणि भावजी पाहुण्यांना छाती फुगवून सांगतात, “जागा आम्हीच हेरली!”