बँडच्या पुस्तकातला घोडा

परभणीकडच्या कोणत्याही जुन्या बाजेवाल्याला विचारा, बँडच्या पुस्तकात घोडा कुणी आणला? तो सांगेल, पूर्णेच्या मास्तरनं. साफ खोटं आहे. घोडा माझा. हे मी चारचौघांत भांडून सांगितलंय, एकदा तर भरल्या पंगतीतून उठून सांगितलंय. आता लिहूनच ठेवतो.

मी मूळचा बोरीचा. भावांच्या वाटणीत माझ्याकडे बांध जास्त आणि जमीन कमी आली, म्हणून पूर्णेच्या बँडमध्ये लागलो. काम काय, तर मोठा ढोल पाठीवर घेऊन चालायचं. वाजवणारा मागून यायचा. ढोल माझ्या पाठीवर, टिपरू त्याच्या हातात आणि शाबासकीही त्यालाच. माझा स्वभाव तापट आहे असं लोक म्हणतात. दिवसभर पाठीत दणके बसल्यावर कुणाचाही होईल. पण कान उघडे ठेवले. कॉर्नेट हा पितळी बाजा फुंकायला शिकलो, कोणत्या बाज्यानं कुठं बोलायचं आणि कुठं गप्प बसायचं ते शिकलो. मग परभणीत एका शिळाछापखान्यात कागद उचलायला लागलो, आणि घासाघीस करत करत काही वर्षांनी एक जुनी शिळा विकत घेऊन माझा स्वतःचा छापखाना मांडला.

माझ्याकडे एक कातिब होते, आम्ही त्यांना मियाँ म्हणायचो. ते पिवळ्या मसाल्याच्या कागदावर बोरूनं मजकूर लिहायचे, तो कागद दगडावर दाबायचा आणि दगडावरून प्रती काढायच्या. निजामाच्या राज्यात शाळा, कचेरी, सगळं उर्दूत. त्यामुळे मियाँच्या हाताला उसंत नसे. त्यांनी लिहिलेली लग्नपत्रिका वाचता न येणारेही भिंतीला चिकटवून ठेवत.

लग्नसराईत बँडवाल्यांची एक अडचण मी जवळून पाहिली होती. मास्तर लोक गावोगावचे वाजवणारे ऐनवेळी गोळा करत. पाथरीच्या माणसाचं वळण वेगळं, पूर्णेच्याचं वेगळं. नवरदेव मांडवात पोचेपर्यंत बँडचं एकमत होत नसे. मी ठरवलं, प्रत्येक बाज्याची वेगळी चाल मांडायची आणि पुस्तक छापायचं. पण वाजवणाऱ्यांतल्या निम्म्यांना मराठी येई, निम्म्यांना उर्दू आणि उरलेल्यांना दोन्ही नाही. म्हणून अक्षरच नको. बाज्याला तीन कळा असतात. मी एकाखाली एक असे तीन गोल काढले. काळा गोल म्हणजे कळ दाबायची, पोकळ म्हणजे सोडायची. फुंक जोराची हवी असेल तर वर एक रेघ. इतकं सोपं की छपाईच्या परवानगीच्या कचेरीतल्या कारकुनानं कागद उलटसुलट करून विचारलं, "ये क्या, चौसर है?"

पूर्णेच्या मास्तरला मात्र ते पटलं नाही. पलटणीच्या बँडमधून निवृत्त झालेला माणूस. मिशीला पीळ, बोलण्याला त्याहून जास्त. स्टेशनसमोरच्या हॉटेलात सगळ्यांदेखत म्हणाला, "कागदवाले, बाजा फुंकायचा असतो, वाचायचा नसतो."

मी म्हणालो, "तुमच्या मागं मी किती वर्षं चाललो, मास्तर. तुमी काय फुंकता ते मला ठाऊक हाय."

हॉटेल हसलं. मास्तरनं मिशीला पीळ दिला. मग त्यानंच पैज लावली. बोरीला एका बड्या शेतकऱ्याच्या घरी लग्न होतं, बँड त्याचा होता. पुस्तकावर वरात नीट वाजली, तर तो सगळ्या मास्तरांसमोर पुस्तक हातात धरून त्याची शिफारस करणार. नाही वाजली, तर मी ढोल पुन्हा पाठीवर घ्यायचा आणि बोरीच्या वेशीपासून मांडवापर्यंत चालायचं. माझ्या गावात, माझ्या भावांसमोर. मी हो म्हणालो. तापट माणसाचं हो लवकर निघतं.

पुस्तक आम्ही असं केलं: मी कॉर्नेट फुंकून बघायचो आणि मोठ्यानं सांगायचो, "काळा, पोकळ, काळा." मियाँ लिहायचे. मग ते वाचून दाखवत आणि मी ताडून बघे. एक गोल चुकला नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी मी आणि मियाँ पूर्णेला उतरलो. स्टेशनमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बँड जमला होता. पुस्तकं वाटली, बाज्यांना दोऱ्यानं बांधली. मास्तरनं हात वर केला.

जे वाजलं ते मी विसरणार नाही. निम्मा बँड वरातीला निघाला होता आणि निम्मा वरातीहून परत येत होता. ओळीच्या मधोमध दोघांची गाठ पडली, एक सूर अगदी गोड जुळला, आणि पुन्हा ज्याचा तो आपापल्या दिशेनं गेला.

मी पुस्तक हिसकावून बघितलं आणि डोक्यावर वीज कोसळली. मियाँचा हात आयुष्यभर उजवीकडून डावीकडे चाललेला. मी सांगत गेलो तसे ते उजवीकडून गोल मांडत गेले आणि वाचतानाही उजवीकडूनच वाचले. अक्षर तर कुठं नव्हतंच, मग सुरुवात कुठली हे कागद सांगणार कसा? उर्दू शाळेत गेलेले उजवीकडून निघाले, मराठी शिकलेले डावीकडून.

मास्तर हसून हसून ढोलावर बसला. "अरे, ह्यांच्यासाठी पट्टा काढून ठेवा रे. उद्या ढोल उचलायचाय."

मियाँ खजील होऊन म्हणाले, "सेठ, तुमने बोले नहीं किधर से."

रागावून उपयोग नव्हता, तरी मी थोडा रागावलो. मग नजर गेली मियाँच्या थैलीकडे. तिच्यात बोरू आणि दौत कायम असत. नवरदेव घोड्यावर बसून निघतो आणि घोड्याचं तोंड जिकडं, तिकडं वरात जाते, हे शाळेत न गेलेल्यालाही कळतं. मी म्हणालो, "मियाँ, हरेक ओळीच्या उजव्या टोकाला एक घोडा काढा. तोंड डावीकडं."

मियाँ अडले. "जानदार की तसवीर हम नहीं बनाते."

"मग जीव घालू नका. डोळा काढू नका."

त्यांनी विचार केला. "हौ, बिना आँख का चलेगा."

ते बसले आणि घोडे काढत सुटले. कुणी दौडणारा, कुणी मान खाली घातलेला. एक तर सरळ गाढव झालं होतं. मी बोट दाखवलं तर म्हणाले, "ये बडे बाजे वाले का है सेठ, बोझ उठाना पडता."

दुपारी बँड पुन्हा उभा राहिला आणि सगळे एका बाजूनं निघून एका बाजूला पोचले.  मास्तरनं मियाँचा बोरू घेतला आणि आपल्या पुस्तकातल्या घोड्यांना एकेक टिंब दिलं. "आंधळ्या घोड्यावर कोण बसतंय," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बोरीत वरात निघाली. ढोल दुसऱ्याच कुणाच्या पाठीवर होता आणि मी हात मोकळे सोडून बाजूनं चाललो होतो. भाऊ ओट्यावर उभे होते. मारुतीच्या देवळापाशी ढोलाच्या दणक्यानं नवरदेवाचं घोडं बिथरलं आणि उलटं फिरलं. कागदावरचं फिरलं नाही. बँड पुढेच जात राहिला. थोरला भाऊ ओट्यावरून ओरडला, "आरं, लय झकास वाजवायलेत की."

पंगतीला पाथरीचा आणि आणखी दोन गावचे मास्तर होते. पूर्णेच्या मास्तरनं कबुलीप्रमाणे पुस्तक हातात धरून दाखवलं. आणि म्हणाला, "हा घोडा माझा. मी डोळा दिला तवा चालायला लागला."

मी पानावरून उठलो आणि ओरडलो, "घोडा माझा!" यजमान घाबरले. मास्तरचा हात धरून त्याला बैलगाड्यांमागं नेलं. तो म्हणाला, "कागदवाले, हात सोडा. शिफारस केली न्हाई का?"

तेवढ्यात माझ्यातला व्यापारी जागा झाला. म्हणालो, "घोडा तुमचा म्हणायचा असंल तर फुकट न्हाई मिळणार."

"काय घेता?"

"जिथं वाजवाल तिथं आधी पुस्तक दाखवून घोड्याची गोष्ट सांगायची. आणि तुमच्या हाताखालच्या कोणत्याही माणसानं पुस्तक हातानं उतरवून घ्यायचं न्हाई. विकत घ्यायचं."

"उतरवायचं मी कसं थांबवू?"

मी वळून चालायला लागलो. त्यानं मागून हाक मारली. सौदा झाला.

पुढची सराई आली तेव्हा पुस्तक दगडावर नव्यानं चढवलं, या वेळी घोड्यांसकट. डोळा मियाँनी काढला नाही. मीच सुई घेऊन दगडावर टोचला. मास्तर शब्दाला जागला. गावोगाव आपल्या घोड्याची गोष्ट रंगवून सांगायचा आणि पुस्तकं हातोहात जायची. मी नुसता दात खायचो.

मियाँना सौद्याचं कळलं तेव्हा ते पिवळ्या कागदावरून मान न उचलता म्हणाले, "सेठ, घोडा बेचे तुम. पूछे किसकू?"

तेव्हापासून मियाँसमोर मी 'आपला घोडा' म्हणत आलो. इथं मियाँ नाहीत. घोडा माझा.