आत्याला दिलेला मऊ भात

झरी गावची माझी आत्या कधी बसून जेवली नाही. तळहातावर ज्वारीची भाकर, तिच्यावर ठेचा, आणि घास घेत घेत शेळ्यांमागं चाल सुरू. वाटेत बांधावरची घोळ, पाथरी, हाताला येईल ती रानभाजी खुडून भाकरीवर ठेवायची. आम्ही हसलो की म्हणायची, "शेळी कवा एकाच झाडावर पोट भरती का? धा ठिकानी तोंड घालती, म्हनून तिला दवाखाना लागत न्हाई."

आत्याला मात्र लागला. फुप्फुसात गाठ निघाली. डॉक्टरांनी इम्युनोथेरपी सुरू केली, म्हणजे शरीराच्या स्वतःच्याच पेशींना गाठीवर सोडणारं औषध, सलाईनमधून. त्यासाठी मी तिला परभणीला माझ्या घरी आणलं आणि जपायला लागलो. आजारी माणसाला हलकं द्यावं, हे आपल्या अंगात मुरलेलं. सकाळी टोस्ट, दुपारी मऊ भात, रात्री साबुदाण्याची खीर. भाकरी बंद. भेटायला येणारेही बिस्किटांचे पुडेच आणायचे.

आत्या खोलीभर येरझारा घालायची. "माझे दात हायेत की अजून! बाळंतिनीवानी मऊ भात कामून चारायलास?" मी तिलाच दटावायचो. एकदा तिला सर्दी झाली, तर शहाणपणा करून कपाटात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्याही दिल्या.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी जेवणाची चौकशी केली. मी अभिमानानं सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आतड्यातल्या चांगल्या जंतूंना चोथा लागतो. भाकरी, डाळी, पालेभाज्या. ते जंतू धड असले तर या औषधाला साथ मिळते, असं दिसू लागलंय. अजून खात्री नाही. पण यांना पचत होतं, तर बंद कशाला केलं? आणि न विचारता गोळ्या देत जाऊ नका, अँटिबायोटिकनं ते चांगले जंतूही मरतात."

आत्या खुदकन हसली. "मी काय म्हनत होते? शेळ्याइला इचारायचं."

त्याच संध्याकाळी भाकरी सुरू झाली. पण गाठ हटली नाही, आणि पुढं तर घासच उतरेना. "मऊ भातामुळं झालं का हो?" असं मी डॉक्टरांना तीनदा विचारलं. "सांगता येत नाही," तिन्ही वेळा तेच उत्तर. त्यापेक्षा ते 'हो' म्हणाले असते तर बरं झालं असतं.

शेवटी तिला झरीला नेलं. बाजेवर पडल्या पडल्या तिनं मला समोर भाकरी खायला लावली. "तू खा, मी बघते. आन् भातापायी जीव जाळू नको. मायेनंच चारलास ना?" मी मान डोलावली.

आत्या गेली. बायको रोज पाट मांडते, ताट वाढते. मी भाकरी तळहातावर घेतो आणि अंगणात येरझारा घालत राहतो.