डासमामाचा पाला

कोण काय पाळील याचा नेम नाही. कुणी मांजर पाळतं, कुणी पोपट. हा गृहस्थ पगार घेऊन डास पाळायचा. संशोधन केंद्रातल्या उबदार, दमट खोलीत पसरट ट्रेमध्ये अळ्या वळवळायच्या. त्यांना माशांच्या खाद्याची पूड आणि जाळीच्या पिंजऱ्यातल्या मोठ्या डासांना साखरपाण्यात भिजवलेला कापूस. बायकोला या धंद्याची शिसारी होती, पण ताईच्या मुलीला भारी कौतुक. 'डासमामा' हे नाव तिनंच ठेवलं आणि पुढे साहेबसुद्धा त्याच नावानं हाक मारू लागले.

एकदा केंद्रात एका कडू पाल्याचा अर्क करून पाहिला. मलेरियाचे जंतू असलेलं रक्त डासांना पाजायचं, त्यात हा अर्क मिसळायचा आणि पुढे डासांची पोटं फाडून बघायची. बघितलं, तर आत जंतू वाढलेलेच नव्हते! म्हणजे रोग्याला चावलेला डास पुढच्या माणसाला रोग देणार नाही. रोगी मात्र होता तसाच तापात पडून राहणार. साहेब म्हणाले, "अजून पुष्कळ काम बाकी आहे." पण डासमामाला कुठला दम? तो पडला अर्ध्या हळकुंडानं पिवळा होणारा. उरलेल्या पाल्याची जुडी बांधून त्यानं थेट ताईचं घर गाठलं.

"ताई, हे बघ. या पाल्यानं मलेरिया थांबतो. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय मी."

"काय सांगतोस! मग राहू दे इथंच."

कुठे थांबतो आणि कुणाच्या उपयोगाचा, ते सांगायचं राहूनच गेलं. भाचीनं डासांची खुशाली विचारली, हसणंखिदळणं झालं, आणि स्वारी छाती फुगवून घरी परतली.

पुढे पोरीला हुडहुडी भरून ताप आला, तेव्हा ताईनं कुणालाच विचारलं नाही. घरचा माणूस त्यातला जाणकार असताना विचारायचं कुणाला? ती पाला उकळून काढा पाजत राहिली. पोरगी तोंड वाकडं करून पीत राहिली. डासमामाच्या कानावर बातमी गेली तोवर तिचं बोलणं बंद झालं होतं.

"इतके दिवस काय करत होतात?" दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई कडाडल्या. ताप मेंदूपर्यंत पोचला होता. सलाईन लागली, इंजेक्शनं सुरू झाली. शुद्धीवर येईल का, हे त्याही सांगेनात.

डासमामा खाटेच्या पायथ्याशी भाचीचं पाऊल हातात धरून बसला. ते तव्यासारखं तापलं होतं. त्याला स्वतःची इतकी चीड आली की जीभ हासडून टाकावीशी वाटली. पण तेवढ्यानं पोर डोळे उघडणार होती थोडीच!

ताई त्याच्या शेजारी येऊन टेकली.

"अरे, तुझा पाला होता म्हणून इतके दिवस तरी निभावलं. नाहीतर माझी पोर केव्हाच हातची गेली असती. हो ना रे?"

त्यानं तोंड उघडलं. सगळं ओठांवर आलं होतं. पण तेवढ्या एका आधारावर बहीण बसली होती, हे त्याला तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

"हो, ताई."

"मग उद्या येताना आणखी घेऊन ये. संपलाय."