न धुतलेलं दुपटं

भिंगरी हे तिचं खरं नाव नव्हे. पण घरात, कॉलेजात आणि पुढे संस्थेतही तिला तेच चिकटलं, कारण ती एका जागी बसलेली कुणी पाहिली नव्हती. खुर्चीवर टेकली तरी पाय हलत असे.

समाजकार्याची पदवी मिळाली आणि तिने मुलं दत्तक देणाऱ्या संस्थेत नोकरी धरली. वडील म्हणाले, "एवढं शिकलीस, ते लोकांच्या घरात डोकवायला?" ते अगदीच खोटं नव्हतं. मूल मागणाऱ्यांच्या घरी जायचं, खोल्या पाहायच्या, माणसं एकमेकांशी कशी बोलतात ते ऐकायचं आणि अहवाल लिहायचा. दीड वर्ष ती संस्थेच्या मोठ्या बाईंच्या मागे मागे हिंडली. मग एक मूल तिच्या एकटीच्या जबाबदारीवर आलं.

दोन वर्षांची ढब्बू. संस्थेतल्या मावशीने तिला महिन्याची असल्यापासून वाढवलं होतं. पिवळं दुपटं नाकाशी धरलं की पोर झोपलीच. तिला घर मिळालं एका चष्मेवाल्याचं. कोर्टाचा कागद होईपर्यंत मूल नुसतं सांभाळायला द्यायचं. तोवर नाही जमलं, तर मूल परत.

पोचवायच्या आदल्या दिवशी मावशीची सुट्टी होती. भिंगरीने ते दुपटं उलगडलं. दुधाचे डाग, तेलाचा कुबट वास, चोखून काळं पडलेलं टोक. असलं लक्तर घेऊन पोर नव्या घरी जाणार? तिने ते साबणात खसाखसा घासलं, उन्हात वाळवलं, वर इस्त्रीही फिरवली. आपण किती नीट काम करतो, असं तिला त्या दिवशी वाटलं.

तिसऱ्या दिवशी फोन आला. चष्मेवाल्याची बायको म्हणाली, "झोपतच नाही हो. दुपटं हुंगते आणि फेकून देते." आठव्या दिवशी ती फोनवर रडतच होती. "आम्ही तिला नको आहोत. घेऊन जा तिला. बॅग भरून ठेवलीय."

मावशीला कळलं तशी तिने भिंगरीला गाठलं.

"दुपटं धुतलंस?"

"घाण होतं, मावशी."

"घाण? अगं, पोराबरोबर आपण वास पाठवतो. दुसरं काय आहे तिच्याजवळ?"

"मग दुसरं दुपटं दे."

"वास काय मी बाटलीत भरून ठेवलाय?"

भिंगरी टेबलापाशी आली. पालकांना जमलं नाही, एवढं एक वाक्य लिहिलं की तिच्यापुरतं प्रकरण मिटत होतं. पेन उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं. मग पिशवी खांद्याला अडकवून ती निघाली. रिक्षाची वाटही पाहवेना. अर्धा रस्ता पायीच तुडवला.

दारातच बॅग होती. आत फिनेलचा भपकारा, दोरीवर तीन चादरी निथळत होत्या. ढब्बू कोपऱ्यात बसलेली, डोळे लाल.

भिंगरी उभ्याउभ्याच म्हणाली, "ताई, तुमचं काही चुकलं नाही. दुपटं मी धुतलं. तिचा ओळखीचा वास मी घालवला."

बाईने ओले हात गाऊनला पुसले. भिंगरीची नजर दोरीवर गेली.

"या चादरी रोज धुता?"

"रोज. तिचे कपडे, माझे कपडे, सगळंच. तुम्ही कधीही तपासायला याल. अहवालात स्वच्छतेचा रकाना आहे ना?"

भिंगरीला आता कळलं. जुना वास तिने घालवला होता आणि नवा तिच्याच धाकाने रोज धुतला जात होता.

"आठ दिवस काही धुऊ नका. हा अंगातला गाऊनसुद्धा नाही."

"अहो, घर कुजेल!"

आतून चष्मेवाला म्हणाला, "हिला साबणाशिवाय ठेवायचं? त्यापेक्षा मलाच संस्थेत घेऊन जा."

"आठच दिवस. मोठ्या बाईंना माझी चूक मी आजच सांगते."

तिने सांगितली. बोलणीही खाल्ली. ते आठ दिवस तिने कसे काढले ते तिलाच ठाऊक. फोन वाजला की ती उडायची, नाही वाजला की जास्तच.

नवव्या दिवशी दुपारी ती जिना चढली. बेलच्या बटणावर चिकटपट्टी लावलेली होती. तिने बोटाच्या पेराने दार वाजवलं. चष्मेवाल्याने उघडलं, ओठांवर बोट ठेवलं. घरात आंबट दुधाचा वास कोंदला होता. बॅग कपाटावर गेली होती, रिकामी. पिवळं दुपटं घडी करून फळीवर ठेवलेलं. आणि गादीवर, मळक्या गाऊनच्या बाहीत नाक खुपसून ढब्बू झोपली होती. तिच्या शेजारी तिची आईही.

भिंगरी भिंतीशी फरशीवर बसली. मिनिटभराने चष्मेवाला तिच्या कानाशी वाकला. "ताई, तुमचा पाय. जाग येईल तिला."

तिने दोन्ही हातांनी गुडघा घट्ट धरला आणि बसून राहिली.