तेल तापायचं त्याचं कारण

आमचं घर निपाणीतल्या तंबाखूच्या वखारीवर चालायचं. वडील तंबाखूचे बोद, म्हणजे मोठी पोती, उचलायचे, आई तंबाखू चाळायची. आईच्या लुगड्याला, केसांना, तिनं थापलेल्या भाकरीलासुद्धा तो वास. हंगाम संपला की वखारीला कुलूप लागायचं आणि आमच्याकडं दोन्ही वेळेला आंबील. तरी मला शाळेतून काढलं नाही. शेजारच्या बाया आईला म्हणायच्या, "पोरीला एवढं शिकवून काय इमान चालवाया लावतीस व्हय गं?"

विमान मी चालवत नाही. दुरुस्त करते. घरातली पहिली पदवी माझी. त्यानंतर विमानदुरुस्तीचं लायसनही काढलं. हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

नोकरी बेळगावजवळच्या एका लहान हँगरात लागली, राहायला अनगोळात खोली मिळाली. हँगरात एक जुनं, दोन माणसांचं विमान होतं. माझ्या वडिलांहून वयानं मोठं. मालक कॅम्पात राहणारे निवृत्त फौजी साहेब. विमान वर चढायला लागलं की तेलाच्या तापमानाचा काटा लाल रेघेला टेकायचा आणि साहेब मुकाट्यानं परत उतरायचे.

हँगरातल्या जुन्या फिटरांना सगळे आप्पा म्हणायचे. त्यांचं मत ठरलेलं होतं. "बेअरिंगा गेल्यात. इंजिन उतरवा, उघडा."

साहेब मला म्हणाले, "एकदा उघडलं की याचे भाग मिळायचे नाहीत. मग ते कायमचं कोपऱ्यात जाणार. तू सांग, उघडायचं का?"

मी नको म्हणाले. म्हटलं, कारण शोधते, आणि विमान उडायला ठीक आहे अशी सही मीच करते. तोवर एकट्या माझ्या सहीवर काहीच उडालेलं नव्हतं. कारण सापडलं नसतं तर पुढंही माझ्या सहीवर कुणी काही उडू दिलं नसतं.

पहिला संशय काट्यावरच घेतला. तो खोटं दाखवत असेल तर बाकी सगळी धडपड फुकट. तेलात बुडणारं त्याचं टोक काढून उकळत्या पाण्यात सोडलं. बेळगाव उंचावर, इथं पाणी शंभराच्या थोडं आधीच उकळतं, म्हणून शेजारी काचेचा थर्मामीटरही बुडवला.

"काय गं, च्या टाकलीस व्हय?" आप्पा लांबून ओरडले. "साखर जरा जास्त घाल!"

"तुमच्या वाटणीची बेअरिंगं घालते, आप्पा."

हँगर हसला. काटा आणि थर्मामीटर एकच बोलत होते. म्हणजे तेल खरंच तापत होतं.

मग तेल काढून गाळलं. जाळीत धातूचा एक कणही नाही. तेलाचा दाबही चांगला होता. बेअरिंगं झिजत असती तर इथं दिसलं असतं. इंजिनाभोवती हवा वळवणारे पत्रे तपासले. ते जागेवर, त्यांच्या रबरी पट्ट्याही धड. राहिला तेल थंड करणारा कूलर, मोटारीच्या रेडिएटरचं लहान भावंड. त्याच्यामागं बॅटरी धरली. पुढून उजेड दिसायला हवा होता. दिसला नाही. बारीक पात्यांमधल्या फटी चंदेरी रंगानं बुजल्या होत्या, थरावर थर.

"आप्पा, ह्याला रंग कुणी दिला?"

"मीच की. दर खंडेनवमीला देतोय. पूजेला समदं चकचकीत नगं?"

"ह्याच्या फटीतनं वारं जायला पायजे, आप्पा. तुम्ही फटीच भरलासा."

आप्पांचा चेहरा उतरला. "म्हंजी माझ्या पूजेनं इंजिन तापलं म्हणतीस?"

"पूजेनं न्हाय, रंगानं. हळदकुंकू लावा की. ते पुसता येतंय."

ते निघून गेले. मी कूलर उतरवला, त्याची तेल जायची-यायची तोंडं बंद केली आणि रंग काढायचं औषध लावलं. जेवणानंतर आप्पा स्वतःच मऊ ब्रश घेऊन आले. "सरक," म्हणाले, "पाती वाकवशील." मग दोघांनी मिळून साल सोलावी तसा रंग काढला. कूलर आतूनही धुतला, गळती तपासली, परत बसवला. इंजिन जमिनीवर चालवून पाहिलं आणि सही केली.

साहेब विमान घेऊन वर गेले. मी खाली उभी होते. आप्पाही होते. नेहमीच्या परतायच्या वेळेला विमान परतलं नाही, आणखी वर चढलं. बऱ्याच वेळानं उतरल्यावर साहेबांनी काटा कुठवर गेला ते सांगितलं. लाल रेघेच्या बराच खाली.

ते विमान आजही उडतं. इंजिन कुणी उघडलेलं नाही. ते उडायला ठीक आहे हे सहीनिशी सांगणारी मी, निपाणीच्या वखारीतल्या बाईची मुलगी.