तिचं नाव कुठे होतं

संयुक्त महाराष्ट्रासाठी त्या दिवशी हरताळ होता. ट्रामी बंद होत्या, तरी ती बाई गिरगावातून परळच्या आमच्या इस्पितळात चालत आली. साठीची, ख्रिस्ती, अंगात काळा झगा. तिचा नवरा आमच्याकडेच वारला होता. शेवटची काही वर्षं तो तिला ओळखत नव्हता. शेजारी म्हणत, ढोंग करतोय म्हातारा. मेल्यावर त्याचा मेंदू तपासायला तिनेच सांगितलं होतं, आणि काय सापडलं ते विचारायला ती आली होती.

मी तिथे नवखा डॉक्टर होतो. मेंदूच्या रक्तवाहिन्या कडक झाल्या की म्हातारी माणसं विसरतात, एवढंच मला शिकवलेलं.

"मला बघू दे की," ती म्हणाली.

मी त्याच्या मेंदूचा पातळ काप लावलेली काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. चष्मा कपाळावर सरकवून, एक डोळा घट्ट मिटून ती बराच वेळ पाहत राहिली.

"ह्या गोल कड्या कसल्या?"

"रक्तवाहिन्या. त्यांच्या भिंती जाड झाल्यात."

"आणि हे काळे डाग?"

"ते का होतात, आम्हालाही नीट ठाऊक नाही."

"माझं नाव यात कुठे होतं, डॉक्टर?"

"ते दिसत नाही, बाई. पण बिघाड खरा होता."

तिने मान वर केली.

"म्हणजे रागावून नव्हता विसरला," ती स्वतःशीच म्हणाली. मग मला विचारलं, "आणखी एकदा बघू?"

मी माझी खुर्ची तिच्याकडे सरकवली.