पायाळूची लाथ

माझा जन्म पायाकडून झाला. अशा मुलाला पायाळू म्हणतात, आणि कोणाच्या कमरेत चमक भरली की पायाळूला बोलावून पाठीत लाथ मारून घेतात. मी चार-पाच वर्षांची असताना वडनेरच्या आमच्या आळीत माझ्या पायाला भलताच मान होता. कापसाची गाठोडी उचलून कंबर धरलेले मिशीवाले बाप्ये माझ्यापुढे ओणवे होत. मी लाथ हाणली की म्हणत, मोठी गुणाची पोरगी आहे. वर गुळाचा खडा मिळे.

यातलं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे आमचे थोरले काका. मुलांना वळण कसं लावावं यावर ते ओसरीवर बसून तासन् तास बोलत. ऐकणारे माना डोलवत, कारण काकांची जमीन मोठी होती. त्यांनी नागपूरच्या सरकारलाही शहाणपण शिकवलं असतं, सरकारनं विचारलं नाही एवढंच. मुलाचं ऐकायचं नसतं, त्याला ऐकवायचं असतं, हे त्यांचं लाडकं वाक्य. त्यांची स्वतःची दोन मुलं मात्र त्यांची वहाण वाजली की मागच्या दारानं गोठ्यात पळत.

एकदा नांदुऱ्याचे एक कापसाचे दलाल आमच्याकडे जेवायला आले. काकांनी त्यांची अशी काही सरबराई केली की बघवत नव्हतं. आडवा हात मारून पाहुणे निघाले, जोडा घालायला ओसरीच्या कडेला वाकले आणि कमरेवर हात ठेवून कण्हले. मी मागेच उभी होते. माझ्या लेखी हे बोलावणंच होतं. मी धावत गेले आणि अगदी मनापासून लाथ मारली. पाहुणे अंगणात पालथे पडले आणि त्यांची टोपी शेणात गेली.

"हिच्या पायाले डाग दे," काका आत आईला ओरडून म्हणाले. "जलमभर लाथ उचलनार नाही."

माझे वडील तिथेच खांबाला टेकून उभे होते. थोरल्या भावापुढे त्यांना कधी तोंड फुटलं नाही. तेव्हाही ते आपल्या पायाच्या बोटांकडे बघत राहिले. असल्या पुरुषांना आमच्याकडे गरीब स्वभावाचे म्हणतात.

आईनंही भासऱ्यांसमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, तोंड उघडायचं नाही, अशी रीत. तिनं उलथणं चुलीत घातलं. काका दुसऱ्यांदा ओरडले तेव्हा ते तापलेलं उलथणं घेऊन ती बाहेर आली. काकांनी माझा पाय घट्ट धरला होता आणि मी गुरासारखी ओरडत होते. आई माझ्यासमोर बसली आणि इतका वेळ कोणीच न विचारलेली गोष्ट तिनं विचारली.

"काऊन मारली व लाथ?"

"त्यायची कंबर दुखे," मी म्हटलं.

पाहुणे धूळ झटकत होते, ते थांबले. त्यांनी कंबर इकडून तिकडे वळवून पाहिली. मग म्हणाले की सकाळी बैलगाडीतून उतरताना चमक भरली होती, ती खरंच गेलेली दिसते. झालं, काकांचा चेहरा तिथल्या तिथे पालटला. आमची पोरगी पायाळू आहे, असं छाती फुगवून सांगत त्यांनी माझा पाय सोडला आणि गूळ आणायला फर्मावलं. दलालाची टोपी पडली तेव्हा मी द्वाड होते, दलाल खूश झाला तशी मी गुणाची झाले. मधल्या वेळात मी रडण्यापलीकडे काहीही केलं नव्हतं.

आईनं उलथणं पाण्याच्या बादलीत टाकलं. मग लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदाच ती भासऱ्यांच्या डोळ्याला डोळा देऊन बोलली.

"याच लाथीले काल गूळ, आज डाग, अन् आता पुन्हा गूळ. पोरीनं यातून काय शिकावं, ते सांगा."

इतकी वर्षं ओसरीवर चाललेल्या काकांच्या प्रवचनात एवढ्या साध्या प्रश्नाची सोय नव्हती. ते पाहुण्यांकडे वळून म्हणाले की पोरं वळणावर आणता येतात, बायकांचं कठीण असतं. पाहुणे हसले, काका हसले. वडीलही हसले.

आईनं वडिलांकडे एकदा पाहिलं, मला कडेवर घेतलं आणि आत जाऊन कडी घातली. माझा पाय पदरानं पुसत ती म्हणाली, "आता कोनी किती बी वाकलं तरी लाथ मारायची नाही. यायच्यासाठी तं मुळीच नाही."